दोनशे वर्षांचं दार

दोनशे वर्षं? कोणी सांगितलं तुम्हाला, दोनशे वर्षं? त्या बाईंनीच सांगितलं असणार, इंटिरियरवाल्या, दुसरं कोण सांगणार... नाही नाही, थांबा, जाऊ नका, मी इथेच आहे, दाराच्या आत. ऐकू येतंय ना नीट? येणारच, वर कमानीत अर्धा गोल मोकळाच राहिलाय, त्यातून आवाज जातो आणि डास येतात. उघडायचंय, उघडू की, दार कुठे पळून चाललंय, पण आधी ते दोनशे वर्षांचं काय ते मिटवू. दोनशे वर्षांचं म्हणे. अहो, हे दार मी केलंय. या दोन हातांनी. एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा. आता दार जर दोनशे वर्षांचं, तर मी किती वर्षांचा झालो, सांगा बरं? दोनशे एकोणीस. दिसतो का मी तसा? बरोबर आहे, तुम्हाला दिसतच नाहीये, पण नाही मी दोनशे एकोणीस, एकाहत्तर आहे, आणि गुडघे सोडले तर एकाहत्तरसुद्धा वाटत नाही.

तुम्ही बाईंचे नवे गिऱ्हाईक ना? घर बघायला आलात ना, नमुन्याचं? ओळखलं मी. आमच्या हिने तुम्हाला आत घेतलं असेल, 'बघा हं, सावकाश बघा' म्हणाली असेल आणि गेली असेल स्वयंपाकघरात. तिचा मिक्सर चालू झाला की तिला बाकी काही ऐकू येत नाही. बरंच आहे. तिला हाक मारू नका. अजिबात मारू नका. का ते येईलच पुढे.

तर तुम्हाला सांगतो, मी सुतार. आयुष्यभर लोकांच्या घरांना दारं लावली. मी लावलेल्या दारांमागे माणसं भांडलीत, रडलीत, अभ्यास करतो सांगून झोपा काढल्यात, आणि मला स्वतःला दार कधी? लहानपणी दोन खोल्यांत आम्ही नऊ जण, दार एकच, रस्त्याकडचं, ते दिवसभर सताड उघडं. लग्न झालं तेव्हा आम्ही दोघं आणि बाकीचं घर यांच्यामध्ये एक कपाट होतं, आडवं लावलेलं. कपाटाच्या आड काय बोलणार माणूस? पलीकडून वडील विचारायचे, 'काय म्हणतेय रे ती?' मग मुलं झाली, मग मुलांचे अभ्यास, मग मी गॅलरीत. आणि माझ्या पासष्टाव्या वर्षी मुलाने हा फ्लॅट घेतला तेव्हा पहिल्यांदा मला खोली मिळाली. माझी एकट्याची, कारण मी घोरतो आणि ही नातीजवळ झोपते. त्या खोलीला मी स्वतः दार लावलं. साधं, प्लायचं, आतून कडी. पहिल्या दिवशी कडी घातली आणि पलंगावर बसलो. काही केलं नाही. अर्धा तास नुसता बसलो. बंद दाराच्या आत बसून काहीच न करणं, याच्यासारखं सुख नाही हो. ज्याला जन्मापासून दार होतं त्याला नाही कळायचं ते. मी तेव्हाच म्हटलं, माणसाला एक दार पाहिजे, बंद होणारं.

आणि मग मुलाच्या डोक्यात आलं, की आपलं घर कोणाच्याही घरासारखं दिसतं. अहो, घर घरासारखं दिसणार नाही तर काय? पण सूनबाई म्हणाली, 'खरंच बाबा, आपल्या घराला चेहराच नाही.' आणि आल्या बाई. गळ्यात लाकडी मण्यांची एवढी माळ, हातात टेप, आणि तोंडात एकच, आपली मुळं, आपली मुळं. 'काका, आपण आपल्या भागाची शैली घरात आणतोय.' म्हटलं आणा की. मीही याच भागातला, जन्म इथे गेला, मला कुठे दिसली नाही ती, मीही बघतो.

पहिल्यांदा भिंती. चांगल्या गुळगुळीत भिंती, हात फिरवला तर घसरावा अशा, त्यांवर मातीसारखा दिसणारा गिलावा मारला. माझ्या वडिलांचं अर्धं आयुष्य मातीच्या भिंतीचे पोपडे लिंपण्यात गेलं, कधी एकदा सिमेंटची होतेय म्हणून ते झुरायचे, आणि आम्ही सिमेंटची माती केली. वर दोन तडे. रंगाने काढलेले. मला आपलं राहवेना, मी पुट्टी घेऊन गेलो बुजवायला, तर बाई ओरडल्या, 'काका, हात नका लावू, तो तडा डिझाइनमधला आहे.' तुमच्या उजव्या हाताला बघा, खिडकीपाशी. अर्धा बुजवलेला आहे. तो मी.

मग सोफा गेला. त्याच्या जागी ती बैठक, जिच्यावर तुम्ही बसला असाल... बसलात का? उठता येतंय का बघून घ्या आधी. वीतभर उंचीची. मुलाचे साहेब आले होते, बसले मजेत, गप्पा झाल्या, चहा झाला, निघायची वेळ झाली आणि साहेब उठेनात. एक बाजू मुलाने धरली, एक मी, साहेब मध्ये, आणि सूनबाई मागून 'सर, सावकाश, सर, सावकाश'. उठले शेवटी. पण परत काही आले नाहीत. आणि मध्ये ते जातं, वर काच टाकलेलं, ते टेबल आहे बरं का. आमच्या हिच्या आईचे खांदे गेले जात्यावर दळून दळून, जातं सुटलं तेव्हा म्हातारीने सुटकेचा श्वास सोडला होता, आणि आता त्याच जात्यावर आमच्याकडे टीव्हीचा रिमोट असतो.

पण खरा माझ्या जिवाला लागलेला प्रकार वेगळाच. नवंकोरं स्टूल आलं, सागवानी, चांगलं घोटलेलं. आणि बाईंच्या सुताराने ते उलटं केलं आणि लोखंडी साखळीने बडवायला घेतलं. मी धावलो. 'अरे, काय करतोयस?' तर म्हणतो, 'जुनं करतोय, मिस्त्री.' जुनं करतोय म्हणजे? 'शंभर वर्षं घालायचीत. दुपारपर्यंत होईल.' आणि मग बारीक खिळा घेतला आणि एक एक करून किडीची भोकं पाडायला बसला. वाळवीचं काम हा पगारावर करतोय. मी बघत बसलो, बघत बसलो, आणि म्हटलं, बाबा रे, रांगेत पाडू नकोस निदान, कीड शाळेत गेलेली नसते. त्याने मान वर करून पाहिलं माझ्याकडे आणि म्हणाला, 'मिस्त्री, माझ्या घरी कोणाला सांगू नका मी काय काम करतो ते.' तेव्हापासून आमचं जमलं. लक्षात ठेवा त्याला, पुढे लागणार आहे.

आणि मग बाई माझ्या खोलीशी आल्या. दाराकडे पाहिलं. मान तिरकी केली. मला कळलं, हे गेलं. 'काका, इथे आपण कमान करू या. आपल्या भागात आतल्या खोल्यांना दारं नसायचीच मुळी. माणसं मोकळी होती हो.' दारं नसायची? माझे वडील सुतार, आजोबा सुतार, पणजोबा सुतार. दारं नव्हती तर ही तीन माणसं रोज सकाळी रंधा घेऊन जात कुठे होती? मी हे विचारलं, स्पष्ट विचारलं. बाई हसल्या. 'काका किती क्यूट आहेत ना,' सूनबाईला म्हणाल्या. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, बाकी घराचं काय ते करा, माती करा, जंगल करा, मला दार पाहिजे. तर मुलगा म्हणतो, 'बाबा, पण तुम्हाला लपवायचंय काय?'

लपवायचं काही नाही, म्हटलं. लपवायचं असतं तर बाहेर जाऊन लपवलं असतं. मला दार पाहिजे. वाईट वाटलं मला त्या प्रश्नाचं. तुम्ही परके म्हणून सांगतो, फार वाईट वाटलं. कपाटाआड मोठा झालेला मुलगा तो, त्याने विचारायचं हे? पण संध्याकाळी फिरून आलो तर दार गेलेलं. कमान तयार, पुठ्ठ्यासारख्या फळ्यांची, आणि तिला मण्यांचा पडदा.

मण्यांचा पडदा कधी वापरलाय? नका वापरू. आत जाताना चष्मा अडकतो, बाहेर येताना कान. दिवसभर खुळ्ळ खुळ्ळ. दुपारी मी जरा पडतो, दात काढून वाटीत ठेवतो, गुडघ्यांना मलम लावतो, लेंगा वर करतो... माणूस आहे शेवटी. आणि त्याच वेळी सूनबाईच्या मैत्रिणी पडदा बाजूला करून, 'अय्या, इथपण किती छान केलंय.' मी उशी तोंडावर घेतली. तोंडावर का गुडघ्यावर, या विचारात एक सेकंद गेला, तेवढ्यात बघायचं ते बघून झालं त्यांचं. माणसाला एक दार पाहिजे हो, बंद होणारं. यात काय चुकलं माझं?

शू... मिक्सर थांबला. जरा गप्प राहा. ...झाला, चालू झाला परत. हां.

तर दार आलं. माझ्या खोलीला नाही, भलतं समजू नका. हॉलच्या भिंतीवर. चौकटीसकट दार, भिंतीला ठोकून बसवलं, वरून दिवा सोडला. उघडलं तर मागे भिंत. म्हणजे ज्या खोलीला दार पाहिजे तिला मणी, आणि ज्या भिंतीला काहीच नको तिला दार. आणि त्याच्यापुढे उभं राहून बाई सगळ्यांना समजावतायत, 'दोनशे वर्षं जुनं आहे. ही वेल बघा, हे पक्षी बघा, आणि खाली ही पांढरी टिकली दिसते ना? ही त्या काळच्या कारागिरांची गुप्त सही.'

मी चष्मा पुसला. जवळ गेलो. वेल पाहिली, पक्षी पाहिले. उजव्या पक्ष्याची चोच आखूड. आखूड का, तर तिथे पटाशी सटकली होती आणि माझं बोट कापलं होतं. हे बघा बोट... असू द्या. आणि ती गुप्त सही. अहो, कसली सही, ती माझी चूक आहे. एका घरात नव्या जोडप्याच्या खोलीचं दार होतं हे. कोरीव बाजू बाहेर, साधी बाजू आत, आणि कडी अर्थातच आत. मी सगळं दार मन लावून केलं आणि शेवटी गिरमिट घेऊन कडीची भोकं पाडायला घेतली ती कोरीव बाजूला. म्हणजे कडी बाहेर. पहिलं भोक पाडून होतंय तोवर थोरले मिस्त्री, ज्यांच्या हाताखाली मी शिकत होतो ते, मागे येऊन उभे. ओरडले नाहीत. गिरमिट काढून घेतलं हातातून आणि म्हणाले, 'नवरानवरीला आत कोंडून तू बाहेर पहाऱ्याला बसणार का रे?' सगळे कारागीर हसले. मला रडू आलं. मग सागवानाचा तुकडा मिळेना म्हणून दुसऱ्याच पांढरट लाकडाची खुंटी ठोकून मी ते भोक बुजवलं, आणि कडी आतल्या बाजूला लावली. ती खुंटी म्हणजे तुमच्या बाईंची गुप्त सही.

मी सांगितलं, हे दार माझं आहे. चारचौघांत सांगितलं. बाई म्हणाल्या, 'काका, किती गोड.' मुलगा म्हणाला, 'बाबा, त्यांच्याकडे कागद आहे त्याचा.' आमची ही काय म्हणाली असेल? 'अहो, जगातली सगळी दारं काय तुम्हीच केलीत का?' सगळे हसले. बावन्न वर्षांनी त्याच दारापुढे उभा राहून मी दुसऱ्यांदा लोकांचं हसणं ऐकलं. तेव्हा रडू आलं होतं, आता राग आला. फरक एवढाच, की आता माझ्याकडे माझी स्वतःची हत्यारांची पेटी आहे.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मुलगा ऑफिसात, सूनबाई कामावर, ही नातीला घेऊन बहिणीकडे. बाईंच्या सुताराला फोन केला, ये म्हटलं, दार हलवायचंय. कुठून कुठे, त्याने विचारलंसुद्धा नाही. येताना स्वतःचं ड्रिल घेऊन आला. दोघांनी मिळून ते भिंतीवरून उतरवलं, चौकटीसकट, केवढं जड, माझं वय विसरलो मी, आणि त्या कमानीत उभं केलं. मणी कापून पिशवीत भरले. चौकट सरळ बसेना, कमान कुठे सरळ असते, मग वरचा गोल तसाच सोडला आणि बाजूने पट्ट्या ठोकल्या. आणि मग तो विचारतो, 'मिस्त्री, कोरीव बाजू बाहेर ना?'

मी म्हटलं, नाही. आत. बिलकुल आत. फिरव सगळं. वेल मी कोरली, पक्षी मी कोरले, बोट माझं कापलं, तर पडल्या पडल्या मी बघणार. बाहेरच्यांनी साधी फळी बघावी. ज्यांना कागदावर विश्वास आहे त्यांनी कागद बघावा. असा ताव आला होता मला. फिरवलं. बिजागऱ्यांना तेल दिलं. मी आत गेलो, दार लोटलं. असं बसलं चौकटीत, असं बसलं, की बावन्न वर्षांत तसूभर हललं नव्हतं लाकूड. वाटलं, थोरल्या मिस्त्रींना दाखवावं. आणि आपसूक हात कडीकडे गेला.

कडी नव्हती.

बाहेरून त्याचा आवाज आला, हळूच, 'मिस्त्री... कडी इकडे आहे.'

आता मला सांगा, यावर काय करायला पाहिजे होतं? सरळ आहे, चार स्क्रू काढायचे, कडी आत घ्यायची, पाच मिनिटांचं काम. मी बाहेर येऊन पेचकस घेतलासुद्धा होता. तेवढ्यात कुलूप वाजलं, आणि ही आली. मागोमाग सूनबाई, मुलगा, सगळी वरात एकदम. मुलगा भिंतीकडे बघतोय, जिथे दार होतं तिथे आठ भोकं. सूनबाई म्हणतेय, 'बाबा, अहो बाबा.' आमची ही? ती सरळ दाराशी आली. कडीकडे पाहिलं. आत जाऊन त्या खुंटीवरून बोट फिरवलं. तिला ती गोष्ट ठाऊक आहे ना, कोंडलेल्या नवरानवरीची, लग्न झालं तेव्हा कपाटाआड मीच सांगितली होती. परत बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि एकच शब्द म्हणाली.

'पुन्हा?'

तुम्हाला सांगतो, त्या एका शब्दात सगळं आलं. हे दार माझं आहे, हे या घरात तिला एकटीला पटलं. कशावरून पटलं? वेलीवरून नाही, पक्ष्यांवरून नाही. चुकीवरून. बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पण मुलासुनेसमोर ते कसं दाखवणार? मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, पुन्हा बिन्हा काही नाही. कडी बाहेरच असते. जुनी पद्धत आहे आपल्याकडची.

झालं. तोंडातून शब्द गेला आणि दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मला वाटलं, आता कडाक्याचं भांडण, मी सकाळपासून तयारीत. त्या दारापुढे उभ्या राहिल्या, मान तिरकी केली. 'कोरीव काम आत, कडी बाहेर... काका, तुम्हाला कसं माहीत हे?' म्हटलं, आमच्या चार पिढ्या दारं करतायत. तर त्यांचे डोळे भरून आले हो. 'म्हणजे आतल्या माणसाने घरावर टाकलेला विश्वास. किती मोकळी होती माणसं.' आणि वहीत लिहून घेतलं. आता ऐकतो की त्यांनी आणखी चार घरांत कड्या बाहेरून लावल्यात, आपल्या भागाची पद्धत म्हणून. चार घरांत चार म्हातारे माझ्या नावाने बोटं मोडत असतील. आणि तुम्हीही तेच बघायला आलायत, माहीत आहे मला. बाहेर नुसती फळी, नक्षी बघायची तर प्रत्येकाने आत यायचं, माझ्या खोलीत, माझ्या पलंगापाशी. मण्यांचा पडदा होता तेव्हा निदान लोक बाहेरून बघून जायचे.

आणि ती कडी मी आता आत घेऊ शकत नाही. घेतली तर पद्धत खोटी, पद्धत खोटी तर मी खोटा, आणि ही पेटीशेजारी कंबरेवर हात ठेवून उभी राहणार. बोलणार नाही काही. ती बोलत नाही हाच तर त्रास आहे. जाता येता कडीला नुसतं एक बोट लावते. टक. एवढंच. त्यापेक्षा भांडली असती तर परवडलं असतं.

मग आतून काय, खुर्ची लावून ठेवायची दाराला, नाहीतर ते वाऱ्याने उघडतं. आज खुर्ची लावायची राहिली आणि माझा डोळा लागला. सूनबाईने पाहिलं असणार. फार माया आहे हो तिला, मी उगाच बोलतो तिच्याबद्दल. झोपेत ऐकलं मी तिचं, 'बाबांची झोपमोड नको, दार उघडतंय सारखं.' आणि गेली ती नातीला शाळेतून आणायला. तिथून पोहण्याच्या क्लासला. साडेपाचला येतील.

तर दार दोनशे वर्षांचं नाही, बावन्न वर्षांचं आहे, तेवढं बाईंना माझं नाव घेऊन सांगा. घाबरतो की काय मी? आणि माणसाला एक दार पाहिजे, बंद होणारं, हे मी आजही म्हणतो, उद्याही म्हणेन, शब्दाला मागे हटणार नाही. उघडणारंही पाहिजे, हे तेवढं त्या वेळी सांगायचं राहून गेलं. आता तुम्हाला नक्षी बघायचीय ना? या ना आत, अवश्य या. मीच उघडलं असतं, पण पद्धतीप्रमाणे कडी तुमच्या बाजूला आहे. घातलेली आहे. तास होऊन गेला. काढता का जरा? हळू काढा, करकरते ती... मिक्सर चालू आहे तोवर काढा.